बाळाच्या डोक्यावरची पिवळसर गाठ: झँथोग्रॅन्युलोमा कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ ७ महिन्यांचं. कानाच्या वर, केसांच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ. चौथ्या महिन्यात लालसर पुळी म्हणून दिसली, दोन-तीन मलमं लावूनही गेली नाही, आता पिवळट-केशरी झाली आहे. दुखत नाही, खाजत नाही, बाळ मजेत आहे. एका डॉक्टरांनी मोलस्कम (विषाणूमुळे त्वचेवर येणारे फोड) म्हटलं, दुसऱ्यांनी ‘चरबीची गाठ आहे, कोलेस्टेरॉल तपासा’ असं सांगितलं, तिसऱ्यांनी चिठ्ठीवर ‘ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा’ लिहून बायोप्सी आणि डोळ्यांची तपासणी सुचवली. मग आईने ते नाव मोबाइलवर शोधलं, तिथे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, हा शब्द वाचला आणि तेव्हापासून घरात कुणाला चैन नाही.

तुमच्या वर्णनावरून तिसऱ्या डॉक्टरांचा अंदाज मला सर्वांत जवळचा वाटतो. बायोप्सी मात्र लगेच लागेलच असं नाही. आणि ल्युकेमियाचं म्हणाल तर, अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग नसतील आणि बाळ नीट वाढत असेल, तर तो विषय आत्ता बाजूला ठेवा. असं का म्हणतो ते सांगतो.

ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा हा आजार हिस्टिओसाइट नावाच्या पेशींचा. शरीरातला कचरा गिळणाऱ्या, संरक्षणाचं काम करणाऱ्या या पेशी त्वचेत एका जागी गोळा होतात आणि हळूहळू स्वतःत मेद साठवतात. मेद साठला की गाठ पिवळी दिसते. हा मेद रक्तातल्या जास्तीच्या कोलेस्टेरॉलमधून आलेला नसतो. या मुलांचं लिपिड प्रोफाइल नॉर्मल असतं. त्यामुळे तुमच्या बाळाला कोलेस्टेरॉलसाठी सुई टोचायची गरज मला दिसत नाही. या गाठीचं वर्णन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या नावांनी होत आलं. आजचं नाव १९५४ मध्ये हेल्विग आणि हॅकनी यांनी दिलं. आम्ही रोजच्या बोलण्यात ‘जेएक्सजी’ म्हणतो, इथेही तेच वापरतो. हा कॅन्सर नाही. संसर्गही नाही, त्यामुळे बाळाला वेगळं ठेवणं, टॉवेल वेगळा करणं असलं काही लागत नाही. आईने गरोदरपणात काय खाल्लं याच्याशीही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण घरात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

काही बाळांना ही गाठ जन्मतःच असते, बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत येते. बहुतांश मुलांत एकच असते. जागा म्हणाल तर डोकं, चेहरा, मान आणि धडाचा वरचा भाग. आकार काही मिलिमीटरपासून साधारण १ सेंटिमीटरपर्यंत. २ सेंटिमीटरच्या वर गेली तर तिला ‘जायंट’ म्हणतात, पण स्वभाव बहुधा तसाच सौम्य.

आता रंगाबद्दल, कारण घोटाळा इथेच होतो. पाठ्यपुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. त्यात सुरुवातीची गाठ स्पष्ट गुलाबी-लाल दिसते आणि मग केशरी. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत तो लालपणा दबतो. गाठ आधी नुसती तपकिरी किंवा मातकट दिसते आणि पिवळेपणा एकदम लक्षात येत नाही. म्हणून मी गाठ काचेच्या स्लाइडने हलकेच दाबून बघतो. रक्त बाजूला सरतं, लाली जाते आणि खालचा पिवळसर रंग उरतो. पारदर्शक काच आणि खिडकीतला उजेड, एवढं कुठल्याही ओपीडीत मिळतं.

दुसरी तपासणी बोटांची. जेएक्सजी घट्ट लागते, रबरासारखी, पण खालच्या हाडाला चिकटलेली नसते, त्वचेबरोबर हलते. पृष्ठभाग गुळगुळीत, घुमटासारखा वर आलेला, त्यावर कधी बारीक रक्तवाहिन्यांच्या रेषा. जुन्या गाठीवर थोडं पापुद्र्यासारखं दिसू शकतं, आणि बाळाने ओरबाडलं तर खपलीही धरते.

तिसरी गोष्ट डर्मोस्कोप, म्हणजे प्रकाश असलेलं हातातलं भिंग. यात जेएक्सजीचं एक प्रसिद्ध चित्र दिसतं: मध्ये पिवळा-केशरी भाग आणि कडेने लाल वलय. त्याला मावळत्या सूर्याची उपमा दिलेली आहे आणि ती खरोखर जुळते. शिवाय कडेकडून आत येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, मधेमधे फिकट पिवळे ढगाळ पट्टे, जुन्या गाठीत पांढऱ्या रेषा. हे चित्र स्वच्छ दिसलं, वय जुळलं, जागा जुळली, तर मी सुरी उचलत नाही. पण मावळता सूर्य म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. हिस्टिओसाइटच्या इतर काही गाठींतही तसाच रंग दिसतो, म्हणून भिंगातलं चित्र नेहमी वयाबरोबर आणि हाताला काय लागलं त्याबरोबर वाचायचं.

मग मोलस्कम का नाही? मोलस्कमच्या फोडाला मध्ये खळगी असते, दाबलं तर दह्याच्या कणासारखा पांढरा गाभा निघतो, आणि तो सहसा एकटा राहत नाही. काही आठवड्यांत शेजारी आणखी उगवतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तो फार दिसत नाही. तीन महिने एकच गाठ, खळगी नाही, रंग पिवळा होत गेला, हे मोलस्कमचं वागणं नाही.

ज्याच्याशी खरी गल्लत होते तो मास्टोसायटोमा, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींची गाठ. तोही पहिल्या काही महिन्यांत येतो, तोही पिवळट-तपकिरी, तोही एकटा. फरक असा की त्याला चोळलं की काही मिनिटांत तो फुगतो, लाल होतो, कधी त्यावर फोड येतो. आईला विचारलं की ती सांगते, ‘अंघोळीनंतर, तेल लावताना हे जास्तच सुजतं.’ बाळाच्या मालिशीची आपली पद्धत इथे फुकट निदान करून देते! घरी मुद्दाम जोरात चोळून बघू नका. मोठ्या मास्टोसायटोमाला रगडलं तर बाळाचं सगळं अंग लाल होऊ शकतं. ती चाचणी दवाखान्यातच होऊ द्या.

रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसते, झपाट्याने वाढते आणि दाबल्यावर मऊ लागते. खरजेनंतर उरणाऱ्या गाठी काखेत, जांघेत असतात, भयंकर खाजतात आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतंच. सेबेशियस नीव्हस, म्हणजे तेलग्रंथींची जन्मखूण, जन्मापासून असतो. डोक्यावर केस नसलेला पिवळट चट्टा, गाठीपेक्षा पसरट. स्पिट्झ नीव्हस हा एक प्रकारचा तीळ; तो गालावर गुलाबी-तांबडा घुमट म्हणून येतो आणि नुसत्या डोळ्यांना जेएक्सजीसारखाच दिसू शकतो; भिंगातून वेगळा कळतो, नाहीच कळला तर तुकडा काढावा लागतो.

कोलेस्टेरॉलची शंका रास्त कधी? पिवळ्या गाठी कोपर, गुडघे, ढुंगण, बोटांच्या बेचक्या किंवा टाचेमागच्या जाड शिरेवर (टेंडनवर) असतील आणि घरात कमी वयात हार्ट अटॅक आल्याचा इतिहास असेल तर. तिथे लिपिड प्रोफाइल तातडीचं आहे. डोक्यावरच्या एका गाठीला नाही.

एक चेतावणी मात्र ठळक. गाठ अगदी मधल्या रेषेवर असेल, म्हणजे नाकाच्या बुडाशी, दोन भुवयांच्या मध्ये किंवा डोक्याच्या मध्यावर, तर ती कितीही निरागस दिसो, आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मगच सुई-सुरी. जन्मजात काही गाठींची मुळं तिथे थेट मेंदूपर्यंत गेलेली असतात. तुमच्या बाळाची गाठ कानाच्या वर, बाजूला आहे. त्यामुळे ही काळजी इथे कमी.

बायोप्सी मी कुणाची करतो? गाठ आठवड्यागणिक वाढत असेल, २ सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, खोल स्नायूत लागत असेल, आपणहून फुटली असेल, भिंगातलं चित्र पटत नसेल, किंवा गाठी अनेक असून बाळही आजारी दिसत असेल तर. शिवाय लँगरहान्स सेल हिस्टिओसाइटोसिस, एलसीएच, याची शंका आली तर विनाविलंब. तो जेएक्सजीचा गंभीर चुलतभाऊ. त्यात एकट्या गुळगुळीत गाठीऐवजी डोक्यात, कानामागे, जांघेत, लंगोटाच्या जागी खपल्या धरणारे, कधी रक्ताळलेले बारीक दाणे येतात. महिनोन्‌महिने ‘डोक्यातली खपली’ म्हणून तेल आणि शाम्पू चालू असतात आणि ते हटत नाही. असं दिसलं तर थांबू नका.

बायोप्सी करायची ठरली तर ती फार मोठी गोष्ट नसते. जागा बधिर करून ३-४ मिलिमीटरचा गोल तुकडा (पंच) घेतात, एखादा टाका पडतो. पूर्ण भूल बहुतेकदा लागत नाही. बधिर करायचं क्रीम आधी लावणार असतील तर किती आणि किती वेळ हे डॉक्टरांनीच ठरवावं. त्यातल्या प्रिलोकेन या औषधामुळे अगदी लहान बाळांचं रक्त ऑक्सिजन नीट वाहू शकत नाही आणि बाळ निळं पडू शकतं. ‘लवकर बधिर व्हावं’ म्हणून घरून जाडजूड थर लावून येऊ नका.

रिपोर्ट हातात आला की दुसरी घबराट सुरू होते, कारण त्यात ‘ग्रॅन्युलोमा’ आणि ‘जायंट सेल’ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे हे दोन शब्द एकत्र दिसले की नातेवाइकांपासून केमिस्टपर्यंत सगळे टीबी म्हणतात. टीबीत दिसणाऱ्या मोठ्या पेशी लँगहान्स प्रकारच्या. जेएक्सजीतल्या टूटन प्रकारच्या: केंद्रकं गोल कड्यात मांडलेली आणि त्या कड्याबाहेर मेदाने फेसाळलेला भाग. आणि वर सांगितलेला एलसीएच हा लँगरहान्स पेशींचा. लँगहान्स वेगळे, लँगरहान्स वेगळे. दोघेही एकोणिसाव्या शतकातले जर्मन; नावांनी विद्यार्थ्यांचा छळ आजतागायत चालू आहे. रिपोर्ट वाचताना हे एक अक्षर नीट बघा, आणि टीबीची औषधं फक्त त्या दोन शब्दांवर सुरू करू देऊ नका.

आणखी एक खाचखळगा. गाठ कोवळी असताना तुकडा घेतला तर त्यात टूटन पेशी आणि मेद दोन्ही नसू शकतात. नुसत्या हिस्टिओसाइटची दाटी दिसते, कधी विभाजन होत असलेल्या पेशीही दिसतात आणि पॅथॉलॉजिस्टला काळजी वाटणं स्वाभाविक आहे. अशा वेळी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा रंगवून बघतात. जेएक्सजीत सीडी ६८, सीडी १६३ आणि फॅक्टर तेरा-ए या खुणा पॉझिटिव्ह येतात. सीडी १-ए आणि लँगरिन निगेटिव्ह. एलसीएचमध्ये सीडी १-ए आणि लँगरिन पॉझिटिव्ह. एस-१०० वर एकट्यावर विसंबू नये. तो जेएक्सजीत सहसा निगेटिव्ह असतो, पण कधीमधी पॉझिटिव्ह येतो आणि फसवतो. ही तपासणी त्याच तुकड्यावर होते, बाळाला पुन्हा टोचावं लागत नाही. म्हणून लॅबकडून तो तुकडा असलेला मेणाचा ब्लॉक मागून जपून ठेवा. तपासणीच्या फॉर्मवर बाळाचं वय, गाठीचा काळ आणि जमलं तर फोटो जाऊ द्या; ‘स्किन बायोप्सी’ एवढंच लिहून पाठवलेल्या तुकड्यावर उत्तम पॅथॉलॉजिस्टही अंदाजच करणार.

याच कारणासाठी गाठ जाळून टाकायला माझा ठाम विरोध आहे. कॉटरीने पाच मिनिटांत साफ होते, पालक खूश, पण निदान कायमचं जळून जातं. बिब्बा, चुना, घोड्याचा केस बांधणं हे तर नकोच. बिब्ब्याने बाळाच्या नाजूक कातडीवर होणारी जखम मूळ गाठीपेक्षा कितीतरी वाईट असते. चामखिळीचं ॲसिडही लावू नका.

आता डोळे. त्वचेबाहेर जेएक्सजी सर्वांत जास्त जिथे आढळते ती जागा डोळा, विशेषतः बुबुळाचा रंगीत पडदा, आयरिस. प्रमाण अत्यल्प आहे: त्वचेवर गाठी असलेल्या मुलांत जुन्या सर्वेक्षणानुसार हजारात ३ ते ५, नंतरच्या आढाव्यात त्याहूनही थोडं कमी. पण झालं तर आयरिसमधून आपोआप रक्तस्राव होतो, डोळ्यातला दाब वाढतो, आणि वेळेत कळलं नाही तर नजर जाऊ शकते. बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आतली असतात आणि सहसा एकाच डोळ्याला होतं. डोळ्याचा त्रास त्वचेच्या गाठीच्या आधीही येऊ शकतो, त्यामुळे ‘त्वचेवर काही नाही’ म्हणून डोळ्यातली जेएक्सजी नाकारता येत नाही.

सगळ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं का यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझी रीत अशी: दोन वर्षांखालच्या बाळाला एकाहून जास्त गाठी असतील, पापणीवर गाठ असेल किंवा डोळ्याची कुठलीही तक्रार असेल तर नक्की पाठवायचं, आणि अनेक गाठी असतील तर दोन वर्षांचं होईपर्यंत काही महिन्यांनी पुन्हा. एकच गाठ आणि तक्रार काही नाही, तर सक्ती करत नाही. पण जवळच्या शहरात मुलांचे डोळे तपासणारे डॉक्टर असतील तर एकदा दाखवून या म्हणतो. त्यासाठी गडचिरोलीहून नागपूर गाठायला लावणार नाही. तुमच्या बाळाला एकच गाठ आहे, तेव्हा डोळे तपासण्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्याची धास्ती घेण्यासारखं काही नाही.

घरी काय बघायचं: एक डोळा वारंवार लाल होणं, पाणी गळणं, उजेडात डोळा मिटून घेणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, डोळ्याच्या काळ्या भागात खालच्या बाजूला लाल पातळी दिसणं, बुबुळ धुरकट किंवा दुसऱ्यापेक्षा मोठं वाटणं. परदेशी लिखाणात ‘डोळ्याचा रंग बदलतो’ असं वाचाल, पण आपल्या बाळांचे डोळे गडद तपकिरी, त्यात तो बदल सहज दिसत नाही. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, सोमवारची वाट न बघता.

आणि ल्युकेमिया. ही भीती कुठून आली ते सांगणं मला गरजेचं वाटतं. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ नावाचा जनुकीय आजार असलेल्या मुलांत जेएक्सजी जास्त दिसते, आणि त्याच मुलांत जेएमएमएल हा बालपणीचा दुर्मीळ ल्युकेमियाही थोडा जास्त दिसतो. १९९५ मध्ये एका संशोधनाने हिशेब मांडला की हा आजार आणि जेएक्सजी दोन्ही असलेल्या मुलांत जेएमएमएलचा धोका नुसता हा आजार असलेल्या मुलांपेक्षा २० ते ३२ पट असतो. तो आकडा सगळीकडे पसरला. नंतरच्या अभ्यासांत मात्र जेएक्सजीमुळे धोका वाढतो असं सिद्ध झालं नाही. शिवाय ही सगळी चर्चा न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या मुलांची आहे. एकटी गाठ असलेल्या निरोगी बाळाची नाहीच.

त्यामुळे बघायचं ते एवढंच: बाळाला पूर्ण उघडं करून उजेडात अंगावर कॉफीच्या रंगाचे सपाट डाग मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा मोठे ६ किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा विचार करावा लागतो. त्याच्या निदानाच्या अधिकृत निकषांत जेएक्सजी नाही, पण डाग असलेल्या लहान बाळात ती दिसली तर माझा संशय बळावतो, आणि अशा मुलाला मी जनुकीय सल्ल्यासाठी आणि नियमित तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे सोपवतो. तिथेही डॉक्टरांनी पोटाला हात लावून यकृत-प्लीहा तपासणं, लसिकाग्रंथी बघणं हे महत्त्वाचं. फिकेपणा, अंगावर काळे-निळे डाग, न उतरणारा ताप, पोट फुगणं यांतलं काही असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, तातडीने. काही नसेल तर दर महिन्याला रक्त काढून आईबापांना लटकत ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

यकृत, फुप्फुस, मेंदू यांत जेएक्सजी होणं आणखी दुर्मीळ. जन्मानंतर लगेच अनेक गाठी, सोबत कावीळ किंवा मोठं झालेलं पोट, किंवा मोठ्या मुलात फिट येणं, तोल जाणं, अतोनात पाणी पिणं आणि लघवीला जाणं, अशा वेळी तो शोध घ्यायचा, आणि तोही मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या विभागात. तिथे उपचार आहेत. गाठीतल्या जनुकीय बदलावर नेमकं काम करणारी नवी औषधंही काही मुलांना उपयोगी पडली आहेत.

नुसत्या त्वचेच्या गाठीला उपचार म्हणजे वाट बघणं. ती आणखी काही आठवडे-महिने वाढू शकते, शेजारी एखादी नवी येऊ शकते, त्याने निदान चुकलं असं होत नाही. मग ती चपटी होत जाते आणि साधारण ३ ते ६ वर्षांत विरते. मागे कधी गडद डाग, कधी किंचित सुरकुतलेली पातळ कातडी राहते. लसीकरण ठरल्याप्रमाणे चालू ठेवा. अंघोळ, मालिश नेहमीसारखी, फक्त गाठ रगडू नका. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडची मलमं बंद करा, त्यांनी काहीही फरक पडणार नाही. पापणीसारख्या अडचणीच्या जागी गाठ असेल किंवा सारखी दुखावून रक्त येत असेल तरच काढण्याचा विचार. आणि काढली तर ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे.

तुमच्यासाठी पुढचं पाऊल: डर्मोस्कोप असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. त्यांना भिंगात ते चित्र दिसलं, डाग नसले, पोट मऊ असलं, तर बायोप्सी न करता तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणं पुरेसं आहे. तोवर महिन्यातून एकदा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, शेजारी पट्टी धरून फोटो काढत जा. आणि जाताना मोबाइलमधले चौथ्या महिन्यापासूनचे, नुसते कौतुकाने काढलेले फोटोही चाळून न्या. गाठ कधी लाल होती आणि पिवळी कधी झाली हे डॉक्टरांना त्यावरून कळेल.